फॉगी की ब्लर्ड?

बाईंनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि 'मला येत नाही' असं वर्गात एकदाही कबूल केलं नाही. तीच खोड म्हातारपणी नडली.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, हे त्यांना कधीच कळून चुकलं होतं. पण लेकानं बजावलं होतं, "दिसेनासं झालं की एकटीनं राहणं बंद. सरळ आमच्याकडे." म्हणजे मागची खोली, आणि सुनेच्या सवडीनं चहा. स्वतःच्या दोन खोल्यांत बाई राणी होत्या. म्हणून त्यांनी शक्कल लढवली. सकाळी रेडिओवर बातम्या ऐकायच्या आणि लेक आला की पेपर तोंडासमोर धरून त्याच घडाघडा म्हणायच्या. लेक खूश! पण मग चहात मीठ पडायला लागलं, भलत्याच माणसाला भलत्याच नावानं हाक जायला लागली. डोळे तर ठणठणीत, तेव्हा गडबड डोक्यातच असणार, असं धरून त्यानं आज त्यांना डॉक्टरांपुढे आणून बसवलं.

डॉक्टरांनी एक चित्र पुढे केलं. "हे काय आहे, आजी?"

बाईंना करडा डाग दिसला, त्याला पुढे सोंडेसारखं काहीतरी. "हत्ती," त्यांनी ठोकून दिलं.

किटली होती.

"कधी फॉगी वाटतं का? मडल्ड?"

आता इंग्रजीच निघाल्यावर बाई गप्प बसतात होय! "हे बघ बाळ, फॉगी असतं ते डोकं. फोटो असतो ब्लर्ड. मडल्ड म्हणजे ज्याच्या डोक्यात सगळं असतं, पण एकात एक मिसळलेलं. आणि व्हेग म्हणजे अभ्यास न केलेल्या पोराचं उत्तर. तर हेझी..."

डॉक्टर नुसते "हं, हं" करत होते. ढ पोराची समजूत काढताना बाई स्वतः असंच करायच्या. आता ढ आपल्यालाच ठरवताहेत, हे त्यांनी ओळखलं.

"अरे, मला ब्लर्ड दिसतंय! डोकं शाबूत आहे माझं, डोळे गेलेत. पेपर वाचायचं सगळं नाटक होतं, रेडिओ ऐकून."

"आई, कालच तर तू मला अख्खं पान वाचून दाखवलंस. रेडिओ कुठून आला मध्येच?"

"असं होतं," डॉक्टर हलक्या आवाजात लेकाला म्हणाले. "कारणं रचतात, आणि त्यांना ती खरीच वाटतात."

बाईंना ओरडावंसं वाटलं. पण ओरडलं तर तेही वेडातच जमा होणार. म्हणून शक्य तितक्या शांतपणे त्या म्हणाल्या, "माझे डोळे तपासा. आत्ता."

"तपासू ना, आई." लेकानं त्यांचा हात हातात घेतला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "आधी घरी जाऊ या."

"कुठल्या घरी?"

लेक डॉक्टरांकडे वळला. "बघितलंत?"