न चुकता घातलेलं पाणी

मित्रांनो, मला चार चाकं आहेत, डोक्यावर छप्पर आहे, समोर काच आहे, दार मात्र एकही नाही. मी गोल्फच्या मैदानावर फिरणारी एक जुनी बॅटरीची गाडी आहे. मोठ्या गाड्या मला बघून नाक मुरडतात. मुरडू देत बापड्या! मी धूर सोडत नाही, हॉर्न मारून कुणाचे कान किटवत नाही आणि उगाच घाई करत नाही. मागे जाताना तेवढी ‘टी-टी-टी’ करते. मला येणारी भाषा एवढीच. ती मला गरजेच्या वेळी पुरली नाही, याचं आजही फार वाईट वाटतं.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तोंडाला प्लास्टिक गुंडाळून, ट्रकवर चढून मी इथं आले. पहिली आठ वर्षं मैदानावर राबले. मागे खेळाच्या काठ्यांच्या पिशव्या, पुढे दोन माणसं, आणि एका होलकडून, म्हणजे चेंडू घालायच्या खळग्याकडून, दुसऱ्या होलकडे माझ्या फेऱ्या. चेंडू खळग्यात पडला की माझ्या छपरावर कौतुकाची थाप, आणि तळ्यात पडला की माझ्या चाकाला लाथ! आता तुम्हीच सांगा, नेम यांचा चुकला, त्यात माझा काय दोष? मग एके वर्षी नव्या कोऱ्या गाड्या आल्या. आम्हा जुन्यांना अवजारांच्या शेडमागे उघड्यावर नेऊन उभं केलं. तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर. खारा वारा माझे नटबोल्ट चाखून बघू लागला. दोन वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

तिथून मला सोडवलं आजोबांनी. ते जन्मभर जहाजांच्या इंजिनखोलीत काम करून निवृत्त झाले होते. मैदानाच्या कडेनं जी बैठी घरं आहेत, त्यांतलं अगदी शेवटचं घर त्यांचं. घरात ते आणि आजी, दोघंच. मला घ्यायला दोघं आले होते. आजोबांनी माझ्याभोवती तीन चकरा मारल्या, गुडघे टेकून खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “सांगाडा खणखणीत आहे हिचा.” आजी लांबूनच हसून म्हणाल्या, “किती ढमी दिसते हो ही!” झालं, त्या दिवसापासून मी ढमी. मला राग नाही आला. आठ वर्षं मी नुसता एक नंबर होते. नाव ठेवणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

आमची वस्ती तुम्हाला सांगायला हवी. मधे हिरवंगार मैदान, त्याच्याभोवती घरांची ओळ, आणि शेवटच्या ओळीमागे समुद्र. तो घरातून दिसत नाही, पण प्रत्येक खोलीत ऐकू येतो. त्याचा वारा लोखंडाचं काही टिकू देत नाही. इथल्या प्रत्येक घरात एक तरी दार कुरकुरतंच. मैदानातून समुद्राकडे जाणारी वाट अरुंद आहे, तिथं मोठ्या गाड्यांना मज्जाव. दुकान, दवाखाना सगळं पार पलीकडे, फाटकाजवळ. म्हणून इथं ज्यांच्या पायांची कुरकूर सुरू झाली, त्यांचे पाय म्हणजे आम्ही.

आजी इथं नवीन होत्या तेव्हाची गंमत सांगते. खेळाडूचा चेंडू भरकटला की तो ‘फोर!’ असं ओरडतो. म्हणजे डोकी सांभाळा, चेंडू येतोय. आजींना वाटलं, क्रिकेटसारखा कुणीतरी चौकार मारला. त्या व्हरांड्यात उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या! एकदा आजोबा आतून धावत आले, “अगं, टाळ्या काय पिटतेस, आत हो आधी!” तेवढ्यात चेंडू सदाफुलीच्या कुंडीत. आजी म्हणाल्या, “मला काय माहीत? तुम्ही सांगायला नको?” हे वाक्य आजोबांनी हसण्यावारी नेलं.

आजोबांनी त्यांना गाडी चालवायला मात्र शिकवलं. साठी उलटल्यावर आजींनी माझं चाक हातात धरलं आणि पहिल्याच दिवशी मला वाळूच्या खड्ड्यात घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खड्ड्यात! तिसऱ्या दिवशी खड्डा चुकवला, तेव्हा आजोबा एवढे खूश झाले, जणू आजींनी जहाजच किनाऱ्याला लावलं होतं. पण माझ्या बॅटऱ्यांना ते कुणाला हात लावू देत नसत. माझ्या सीटखाली सहा बॅटऱ्या. दर दुसऱ्या रविवारी सकाळी ते सीट उचलायचे, रबरी हातमोजे चढवायचे, एकेक झाकण उघडून टॉर्चनं आत बघायचे आणि लहानशा नरसाळ्यातून बेतानं पाणी घालायचे. आतल्या पट्ट्या बुडतील एवढंच. तेही दुकानातून बाटलीत आणलेलं बॅटरीचं पाणी. आणि तेही रात्रभर प्लग लावून माझं पोट भरल्यावर. जाता जाता स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून ओरडायचे, “ढमीला पाणी पाजलं गं!”

आजी एकदा म्हणाल्या, “मला पण दाखवा की, कसं पाजता ते.”

“ॲसिड असतं आत. कपडे जळतील, हात जळतील. तू कशाला त्या भानगडीत पडतेस? मी आहे ना!”

मायेनंच म्हणाले हो ते. पण मित्रांनो, नको तिथं झालेली माया ही. आजींना एवढंच कळलं, की ढमीला पाणी लागतं.

एका सकाळी आजोबा चहा अर्धा ठेवून उठले, “जरा पडतो” म्हणाले, आणि त्या पडण्यातून उठलेच नाहीत. मी गॅरेजमध्ये होते. घरात खूप चपला आल्या आणि चार दिवसांनी गेल्या. मग त्यांचा मुलगा आणि आजी माझ्याजवळ उभे राहून बोलले, म्हणून मला सगळं कळलं.

“आई, तू एकटी इथं कशी राहणार? चल माझ्याकडे. आठवा मजला असला तरी लिफ्ट आहे, सगळं आहे.”

“आठव्या मजल्यावर मी करू काय? खाली बघत बसू? हे घर आम्ही दोघांनी लावलंय. जोवर माझं मला हिंडता-फिरता येतंय, तोवर मी इथून हलणार नाही.”

मुलगा म्हणाला, “बरं. पण ज्या दिवशी नाही जमणार, त्या दिवशी मी न्यायला येईन. तेव्हा नाही म्हणायचं नाही.”

“नाही म्हणणार,” आजी म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या छपराच्या दांड्यावर होता आणि त्यांनी तो घट्ट धरला होता.

आता सगळी भिस्त माझ्यावर. आजींचे गुडघे दहा पावलांत बोलायला लागायचे. मी होते म्हणून त्यांचं घर होतं. मी तर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी तुरतुरत होते. सकाळी दुकान, आठवड्यातून एकदा दवाखाना, आणि रोज संध्याकाळी समुद्र. तिथं लाकडी कुंपणापाशी मला उभी करून आजी शेजारच्या रिकाम्या सीटशी बोलायच्या. फार काही नाही. “नळाचा वॉशर बदलून घेतला. तुम्ही असता तर स्वतःच करत बसला असतात.” किंवा, “समोरच्या डॉक्टरांनी कुत्रं पाळलंय, फार भुंकतं मेलं.” मला वाटायचं, असंच चालू दे.

आणि रोज सकाळी आजी मला पाणी पाजायच्या. रोज! न चुकता! स्वतःचा चहा नंतर, आधी ढमी. सीट वर करायची, झाकणं उघडायची आणि तांब्यानं काठोकाठ पाणी ओतायचं. मग संध्याकाळी समुद्रावरून आल्यावर प्लग लावायचा. भरलेल्या दुधाच्या पातेल्याखाली गॅस मोठा केला तर काय होतं? तेच माझ्या पोटात व्हायला लागलं. रात्री बॅटऱ्या उकळ्या मारायच्या, ॲसिड झाकणांमधून उतू जायचं आणि खालच्या चौकटीवर सांडायचं. सकाळी आजी बघायच्या, पाणी कमी झालंय. “अगं बाई, किती तहान लागते गं तुला! उन्हाळाच तसा आहे.” पुन्हा तांब्या.

मी ओरडू कशी? गाडी मागे घेतली की ‘टी-टी’, एरवी माझी वाचा बंद. आधी एका चार्जिंगवर तीन दिवस धावू शकायची, ती दोन दिवसांवर आले, मग एकावर. सीटखाली पांढरा-हिरवा थर साचला. आजींना वाटलं समुद्राचं मीठ. त्यांनी नळी लावून धुऊन काढलं. माझी शक्ती जाते आहे हे त्यांना दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच त्या जास्त जपत होत्या. छपरावर जुनी चादर घातली, सीट तेलपाण्यानं पुसली, आणि पाणी दोन वेळा सुरू केलं. माझ्यावर हात फिरवून हवेत बघून म्हणायच्या, “बघा, तुमच्यापेक्षा जास्त लक्ष देते की नाही?” त्या वेळी माझा जीव किती तुटला, काय सांगू!

एका संध्याकाळी समुद्रावरून परत येताना नऊ नंबरच्या होलपाशी, तळ्याकडच्या चढावर मी थांबले. आजींनी पॅडल दाबलं, पुन्हा दाबलं. “ढमे, असं नको गं करू. एवढा चढ. एवढाच.” मी हलले नाही. मग त्या उतरल्या. चपला काढून बाजूला ठेवल्या आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी मला मागून ढकलायला लागल्या. मी अर्धा हात वर जायचे आणि पुन्हा मागे यायचे. चार खेळाडू धावत आले तेव्हा आजींचे तळवे सोलवटले होते आणि एक गुडघा खाली टेकला होता. कुणीतरी फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलावलं.

“अहो, मुलाला काही कळवू नका हं,” आजी म्हणाल्या.

“आजी, माझ्या वहीत नंबर आहे त्यांचा. मला कळवावंच लागतं.”

“पडले नाही मी. नुसती बसले होते.”

पहारेकऱ्यानं त्यांच्या चपला उचलून त्यांच्या पायांपाशी ठेवल्या.

खेळाडूंनी मला ढकलत घरी आणून अंगणात उभं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक आला. त्याच्याआधी आजी माझ्याजवळ येऊन बसल्या होत्या. त्यानं सीट उचलली आणि तसाच उभा राहिला.

“आजी, पाणी कोण घालतं हिला?”

आजींचा चेहरा उजळला. “मी! रोज. एक दिवस चुकवलेला नाही.”

“रोज? आणि कुठलं घालता?”

“फिल्टरचं. आम्ही पितो तेच. नळाचं कशाला घालू?”

मेकॅनिकनं मान खाली घातली. तो चांगला माणूस होता. त्यानं पायानंच माती उकरत सगळं सांगितलं. पाणी महिन्यातून दोनदा पुरतं. तेही बाटलीतलं, बेतानं, आणि चार्जिंग झाल्यावर. आजी ऐकत होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, “मग बॅटऱ्या नवीन बसवा ना.”

“बसवीन हो. पण कशावर? खालची चौकट ॲसिडनं खाल्लीये. बघा, बोट घातलं की आरपार जातं. ही चढावर मधेच मोडली, तर तुम्ही तळ्यात.”

“म्हणजे मीच...” आजी एवढंच म्हणाल्या. मग, “मला कुणी सांगितलंच नाही हो. मी विचारलं होतं.”

संध्याकाळी मुलगा आला. तो रागावला नाही. आजींनीच आधी सांगितलं, “चल, ठरलंय ना आपलं. मी नाही म्हणणार नाही.” तीन दिवस घरातून खोकी निघत राहिली. जायच्या दिवशी आजी गॅरेजमध्ये आल्या. माझी सीट उचलून त्यांनी आत पाहिलं आणि त्या रडल्या. आवाज न करता, पदराआड नाही, अगदी समोरासमोर. “चुकलं गं माझं, ढमे,” म्हणाल्या. मला ओरडून सांगायचं होतं, तुमचं नाही चुकलं हो आजी, तुम्ही तर जीव लावलात! पण मी जागची हलले असते तरच ना ‘टी-टी’ तरी केलं असतं.

गॅरेजच्या उघड्या दारातून मी बघत होते. आजी मुलाच्या गाडीत बसल्या. तो पट्टा लावायला वाकला, “राहू दे आई, मी लावतो.” आजींनी त्याचा हात धरला. “नको. कसा लावतात ते मला दाखव. सावकाश दाखव.” त्यानं दाखवलं. पहिल्यांदा पट्टा बसला नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा खट्ट वाजलं. मग गाडी वळली आणि गेली.

आता मी पुन्हा अवजारांच्या शेडमागे आहे. चाकं काढून नेली, काच नेली, उरलेली मी भंगारवाल्याची वाट बघते आहे. मित्रांनो, वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं मागते. जपायचं कसं, ते एकमेकांना दाखवा. तुमच्या घरी एखादं काम एकालाच येत असेल, तर त्याच्याशेजारी जाऊन उभे राहा आणि हातात घेऊन करून बघा. तो म्हणेल, तुला नाही जमणार. तरी हटू नका. आजोबांनी एका रविवारी आजींना माझ्याजवळ बोलावायचं होतं फक्त. दहा मिनिटांचं काम होतं. तेवढं झालं असतं, तर आज संध्याकाळी आम्ही दोघी समुद्रावर असतो.