बास्केटखालची जागा

चेंडू हातातून सुटला की तो आत जाणार की बाहेर, हे मला तो रिंगपर्यंत पोहोचायच्या आधीच कळतं. मनगट कसं वळलं, कोपर किती बाहेर गेलं, एवढं पुरतं. यात जादूटोणा काही नाही. मी स्वतः कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये गार्ड होते, आणि शेवटच्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला नसता तर पुढेही खेळले असते. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, जिने चढा, पण उड्या विसरा. मी उड्या विसरले आणि बास्केटखाली जाऊन उभी राहिले, धाकट्या बहिणीचे चेंडू गोळा करायला.

तिला घरात चिंगी म्हणतात, आणि आता टीमही चिंगीच म्हणते. तीही गार्ड. आमच्या घराण्यात उंची कुणाच्या वाट्याला आलेलीच नाही, त्यामुळे दुसरं होणार काय? गार्डनं चेंडू पुढे आणायचा, सगळ्यांना वाटायचा आणि समोरच्या पोरी मध्ये गर्दी करून उभ्या राहिल्या की लांबून शॉट मारायचा. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना वेळा देऊन झाल्या की मी तडक कॉलेजच्या हॉलवर जायचे. ती टाकायची, मी उचलून परत द्यायचे आणि चेंडू हवेत असतानाच सांगायचे, "आत." "बाहेर." "बाहेर." माझा अंदाज क्वचितच चुकायचा. टीमच्या पोरी तोंडात बोटं घालायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? दिवसातल्या तेवढ्याच वेळात मला आपण अजून खेळाडू आहोत असं वाटायचं.

या मोसमात चिंगीचा शॉटच गेला. आधी चेंडू रिंगला लागून बाहेर यायला लागले, मग तिनं टाकणंच सोडलं. समोर कुणी नसतानाही ती चेंडू दुसरीला देऊन मोकळी व्हायची, गरम तवा हातात आल्यासारखी. शेवटी मॅडमनी, म्हणजे त्यांच्या कोचनी, सगळ्यांसमोर सुनावलं, "मोकळी असूनही शॉट घेणार नसशील तर शनिवारच्या मॅचला बाकावर बस. समोरच्या पोरी तुला सोडून बाकीच्यांना धरतात, दिसत नाही का तुला?" शनिवारची मॅच हरली की मोसम संपला. चिंगीनं जेवताना मान वर केली नाही.

मी आणखी कंबर कसली. "कोपर आत घे. बोटं शेवटपर्यंत. बाहेर. परत." ती म्हणायची, "हो ताई." एरवी रिमोटवरून माझे केस ओढणारी पोरगी, पण हॉलमध्ये नुसतं हो ताई, हो ताई. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी दवाखान्यात एका आजोबांची कवळी सापडेना. आम्ही सगळं उलटंपालटं केलं, आणि ती निघाली त्यांच्याच खिशात. मला उशीर झाला. हॉलपाशी पोहोचले तर आतून चेंडूचा आवाज येत होता. दाराला छोटी काच होती, तिच्यातून मी पाहिलं.

बास्केटखाली, माझ्या जागेवर, भोवरा उभी होती. भोवरा म्हणजे टीममधली दुसरी गार्ड, पाय एका जागी न ठरणारी आणि तोंड न मिटणारी. एका हातात बिस्किटांचा पुडा होता. दुसऱ्या हातानं चेंडू कसाबसा चिंगीकडे ढकलत ती आपल्या वहिनीची गाऱ्हाणी सांगत होती. चेंडू कुठं जातोय याकडे तिचं लक्षही नव्हतं. आणि चिंगीचे चेंडू आत जात होते. एक गेला, दुसरा गेला, मग एक बाहेर आला. त्यावर चिंगी खो खो हसली आणि म्हणाली, "मग वहिनी काय म्हणाली?" पुढचा पुन्हा आत. कोपर थोडं बाहेरच होतं, मी पाहिलं ना! तरी आत.

मला आधी भोवऱ्याचा रागच आला. मी दार ढकललं.

"ताई आली," चिंगी म्हणाली आणि तिचं हसणं विरलं. भोवऱ्यानं बिस्किटं पाठीमागे लपवली. चिंगीनं रेषेवर पाय नीट लावले, उडी घेतली, आणि चेंडू बोटांतून पुरता सुटायच्या आत तिची मान वळली. ती रिंगकडे बघतच नव्हती. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, आत की बाहेर ते विचारायला. मान वळली तसं मनगटही ओढलं गेलं. मी तोंड उघडलं नव्हतं, पण माझा चेहरा पडला होता आणि तो तिनं पाहिला होता. चेंडू रिंगला लागला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला.

इतके महिने मी तिचं कोपर पाहिलं, बोटं पाहिली. तिचे डोळे कुठं असतात ते मी पाहिलंच नव्हतं. "चला, आज पुरे," म्हणाले आणि चेंडू पिशवीत टाकला.

शनिवारी चिंगी बुटाच्या नाड्या बांधत होती. "ताई, निघायचं ना?"

ऑपरेशन झाल्यापासून मी घरात कधीही दुखतंय असं म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर आईनं माझं हॉलवर जाणं बंद केलं असतं. म्हणून जिने दात आवळून चढले, पण अवाक्षर काढलं नाही. त्या दिवशी गुडघा छान होता, अगदी छान होता. मी म्हणाले, "आज फार दुखतोय गं गुडघा. तू जा. आणि रोजचंही आता मला जमेलसं वाटत नाही. भोवऱ्याला सांग चेंडू द्यायला."

"असं काय गं ताई? तू नसलीस तर मी काय करू?" चिंगी म्हणाली. पण हे शब्द मागून आले. त्यांच्या आधी, क्षणभरच, तिचे खांदे सैल झाले आणि चेहरा मोकळा झाला. मला तेवढं पुरतं.

ती गेली. आईनं गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या गुडघ्यावर ठेवली. "इतकं दुखत होतं तर आधी बोलायचंस ना," ती म्हणाली. मी बरं म्हटलं. मॅच सुरू व्हायची वेळ झाली, संपायची वेळ झाली. मी तशीच पिशवी धरून बसले होते, पाणी केव्हाच गार झालं होतं.

चिंगी आली ती ओरडतच. टीम जिंकली होती. समोरच्या पोरींनी नेहमीसारखं तिला कोपऱ्यात मोकळं सोडलं होतं, आणि तिनं टाकला, मग पुन्हा टाकला. बूटही न काढता तिनं खोलीच्या मधोमध उभं राहून करून दाखवलं. हात वर, मनगट वळलेलं, डोळे समोरच्या भिंतीवर, जिथं तिची रिंग होती. "आत, ताई! आत!" सगळं सांगून होईपर्यंत तिनं एकदाही माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. बरं झालं. मला रडू आवरत नव्हतं.