पाणी फेकताना आई

यू-फनला लग्नाचा फोटोग्राफर ठरवायचा होता, आणि तैवानमधल्या च्या-यी शहरातल्या चार स्टुडिओंत तिने एकच प्रश्न विचारून लोकांना भंडावून सोडलं होतं. "माहेरून माझी गाडी निघेल तेव्हा तुम्ही कुठे उभे राहाल?"

"गाडीपुढे, आणखी कुठे! नवरीचे डोळे भरलेत, खिडकीतून रीतीचा हातपंखा खाली टाकतेय... तोच तर खरा फोटो!" जो तो हेच सांगे.

की ही उठलीच. होणारा नवरा त्सुंग-हान बिचारा मागोमाग.

"अगं, अल्बम तरी बघ! तुला हवंय तरी काय?" चौथ्या दुकानाबाहेर तो वैतागला.

"आईचं तोंड."

लेक निघाली की आईने गाडीमागे वाटीभर पाणी फेकायचं, पाणी गेलं तशी लेक गेली; आणि लेकीने काही झालं तरी मागे बघायचं नाही, ही रीत. थोरल्या बहिणीच्या लग्नात यू-फन करवली म्हणून गाडीतच होती, तर तिलाही कुणी मान वळवू दिली नाही. फोटो आले ते बहिणीच्या नाकाडोळ्यांचे, ढीगभर. आईचं नुसतं कोपर! तेव्हापासून हिच्या डोक्यात किडा वळवळत होता. पाणी फेकताना आई कशी दिसते? रडते? की सुटले एकदाची, म्हणते? विचारावं तर आई फणकारायची, "कशी दिसणार? पाणी फेकलं नि भांडी घासायला गेले. नसत्या चौकशा!" घरात आता तिसरी लेक नव्हती. या खेपेला हुकलं की कायमचं हुकलं.

पाचव्या दुकानात फोटोग्राफर को बाई टर्कीभात खात होत्या. प्रश्न ऐकून त्यांनी काड्या खाली ठेवल्या. "तुला कोण बघायचंय?"

"आई."

"मग मी दारापाशी राहीन. तुझा रडका फोटो मिळणार नाही हं, मागाहून भांडायचं नाही."

"ठरलं!" यू-फन ओरडलीच.

लग्नाच्या दिवशी गाडी सुटली, पंखा पडला. पंख्याबरोबर नवरीने आपला हेका माहेरी टाकायचा असतो, पण हिने मान वळू नये म्हणून त्सुंग-हानचा हात असा आवळला की तो कळवळला.

पुढच्या आठवड्यात को बाईंनी फोटो ओळीने मांडले. पहिल्यात आई वाटी धरून उभी, चेहरा कोरा. दुसऱ्यात मावशी तिला 'फेक, फेक' असं खुणावतेय. तिसऱ्यात गाडी वळणावर पोचलीय आणि आईने वाटी तोंडाला लावलीय. चौथ्यात आई बाहीने ओठ पुसतेय, रस्ता कोरडा ठणठणीत आणि मावशीचा हात कपाळावर.

यू-फन खो-खो हसली, आणि हसता हसता तिला रडू आवरेना. तिने तिथूनच फोन लावला. "आई, पाणी प्यायलीस तू?"

"ऊन काय कमी होतं? तहान लागली होती मला," आई म्हणाली. "रविवारी जेवायला येतेस ना?"