कॅप्टनचं खुराडं

चर्रर्र...

पॅकिंग टेपचा आवाज झाला आणि जेवणानंतर निपचित पडलेलं घर एकदम जागं झालं. विनितानं दातांनी टेप तोडली आणि तशीच थांबून कानोसा घेतला. आत पलंग करकरला.

"काय गो, उंदीर शिरलो की काय?" सासूबाई.

"नाही आई, मीच. खुराड्याला पुठ्ठा लावतेय."

"लाव, लाव. रातचो वारो मेलो हाडां फोडता."

सासूबाई, म्हणजे मनोरमाबाई, कुडाळहून मुलाकडे आल्या त्या 'दुबई म्हणजे भट्टी' एवढंच ऐकून, एकही स्वेटर न घेता. आणि मुलगा राहत होता फुजैराच्या डोंगरातल्या गावात, जिथे जानेवारीत पहाटे तोंडातून वाफ निघते. सुदेश बंदरावर, तेलाच्या बार्जवर कामाला. घरी यायचा तो पंधरा दिवसांनी. अरबाच्या घरामागच्या या दोन खोल्या आणि भिंतीआडचं वाळूचं अंगण एरवी बायकांचंच.

सासूबाईंचा पुन्हा डोळा लागेपर्यंत विनिता थांबली नाही. हा एक तासच काय तो तिच्या वाट्याचा. ती अंगणात आली. जुई आधीच तिथे उकिडवी बसून कोंबड्याशी गप्पा मारत होती.

"आई, कॅप्टन इज व्हेरी एक्सायटेड."

"असणारच. बंगला बांधतोय त्याचा."

मागच्या हिवाळ्यात सहा पिल्लं होती. थंडी पडल्यावर विनितानं माहेरी पाऊस अडवायला पडवीला झड बांधतात तसं केलं होतं. जाड प्लास्टिक घेऊन खुराडं चारी बाजूंनी असं बांधलं, की मुंगी आत जाऊ नये. कोकणातल्या माणसाला पाणी बाहेरून येतं एवढंच ठाऊक. इथे ते आतूनच आलं. पिल्लांच्या श्वासाची वाफ रात्रभर कोंडली, सकाळी प्लास्टिकच्या आतून धारा ओघळत होत्या आणि खाली ओली पिल्लं आडवी पडली होती. एकाची मान तेवढी हलली. जुईनं त्याला शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं आणि दिवसभर मांडीवरून खाली ठेवलं नाही. तोच हा कॅप्टन. पहाटे ओरडून सगळ्यांना ड्यूटीवर काढतो म्हणून हे नाव.

या वेळी विनिता शहाणी झाली होती. डोंगराकडून वारा येतो ती बाजू खजुराच्या झावळ्या आणि पुठ्ठा लावून बंद केली. सुदेशनं आणलेल्या लाकडी पॅलेटवर खुराडं उचलून ठेवलं, खाली कोरडा भुसा वीतभर पसरला. छपराखाली मात्र हातभर पट्टी उघडी ठेवून तिला जाळी मारली. वाफ जायला वाट हवी. बसायला गोल दांडा काढून रुंद फळी टाकली, म्हणजे कोंबडा स्वतःच्याच बोटांवर पोट टेकून बसेल.

"ही विल नेव्हर बी कोल्ड नाऊ," जुई म्हणाली आणि टाळी द्यायला तिनं हात पुढे केला.

विनितानं टाळी दिली. मग वळून जाळीचा कोपरा उगाच पुन्हा दाबून बसवला.

उन्हाळ्यात बार्जवर तेलाची नळी फुटली होती. एक रात्र सुदेशचा फोन लागत नव्हता. तिकडे कुडाळला मनोरमाबाई अनवाणी गावाच्या शिवेवर गेल्या आणि गाव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला बोलल्या, माझा झील धड राहू दे, त्याच्या दारात वाढलेला कोंबडा तुला देईन. सुदेश खांद्याला बँडेज बांधून परत आला. त्याच्या दारात कोंबडा वाढलेला होता एकच.

येत्या रविवारी सुदेश घरी येणार होता.

विनितानं वाद घालून पाहिला होता. "आई, बाजारातून दुसरा आणू. राखणदार तर तिकडे गावाला."

"तुझ्या घोवाक राखूक हयसर इलो मां? मगे कोंबो घेवक येवचो नाय काय?"

 खरं म्हणजे फोन लागत नव्हता त्या रात्री जुईला थोपटताना तीही अंधाराकडे बघून पुटपुटली होती, काहीही घे, पण त्याला आण. तेव्हा 'काहीही'ला तुरा नव्हता, नाव नव्हतं.

खिशातला फोन थरथरला. सुदेश होता.

"झालं का खुराडं?"

"झालं." ती भिंतीच्या कोपऱ्यात गेली. "जुईला काय सांगायचं?"

"सांग, अरबाच्या फार्मवर पाठवला. मोठी जागा आहे, मजेत राहील."

"तू सांग."

"विनू, मी पुन्हा त्याच बार्जवर चढतो रोज. माझा विश्वास आहे की नाही ते सोड. आई रोज मी सुखरूप आहे का विचारते, ते आधी बघ."

"आणि जुई रोज सकाळी उठून आधी कॅप्टनला बघते, त्याचं काय?"

पलीकडे कुणीतरी "यल्ला, यल्ला!" करत घाई करायला लागलं. "रविवारी बोलू," म्हणून त्यानं फोन ठेवला.

वळली तर दारात मनोरमाबाई उभ्या. सुदेशनं त्यांच्यासाठी दुबईच्या करामा बाजारातून आणलेली लोकरीची शाल त्यांनी अंगावरून काढली होती आणि घडी घालून पुढे धरली होती.

"ही घाल गो वरसून. माका घरात कसली थंडी?"

"आई, तुमचे ओठ निळे पडलेत."

"पडांदेत. देवाक द्यायचो तो गारठलेलो देवचो काय?" मग जुईकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "चेडवानं किती जीव लावलोहा बघ." पुढे काही न बोलता त्या स्वतः वाकल्या, खुराड्यावर शाल पसरली, वरची जाळी मोकळी आहे ना ते चाचपून पाहिलं आणि पदर अंगाभोवती आवळून आत गेल्या.

ऊन डोंगरामागे गेलं तसा वारा सुटला. कॅप्टन आपण होऊन फळीवर चढला, पिसं फुगवून बसला आणि बोटं पोटाखाली घेतली. अगदी विनिताला वाटलं होतं तसंच. तिनं कडी लावली. एक क्षण पुन्हा काढली, भिंतीपलीकडच्या डोंगराकडे पाहिलं. तिकडे कोल्हे होते. कडी परत लावली.

जुईनं तिचा हात धरला. तो छोटा हात थंडगार होता, भुशानं माखलेला.

"आई, आज्जी टोल्ड मी, कॅप्टनला संडेपर्यंत थंडी लागता कामा नये."

"हो."

"पण विंटर तर संडेनंतर पण आहे." तिनं मान वर करून आईकडे पाहिलं. "व्हाय ओन्ली टिल संडे?"