क्लेमीसाठी शाळा

फेब्रुवारीतली ती आठवड्याची सुट्टी मी माझ्या गुडघ्यासाठी राखून ठेवली होती. पाय स्टुलावर टाकायचे, गुडघा शेकायचा आणि कुणाच्याही आईशी एक शब्द बोलायचा नाही, इतका साधा बेत. तो अराबेला थॅकवेल बाईंनी पहिल्याच सकाळी फोन करून उधळून लावला.

“मिस हॉलिस, तुम्ही आमच्याबरोबर शाळा बघायला यायचं म्हणजे यायचं. मैदानातलं आम्हाला काय कळतंय?”

“अहो, शाळेत मैदान सोडून आणखीही काही बघतात.”

“ते डॉमिनिक बघेल ना!”

डॉमिनिक म्हणजे त्यांचे यजमान. हे गृहस्थ पुढचे तीन दिवस गाडीत पुढच्या सीटवर बसून फोनवर कुणाशी तरी कुंपणाच्या वादाबद्दल बोलत होते. शाळेच्या दारात गाडी थांबली की मान वर करून विचारायचे, “ही कुठली?”

हेरफर्डशायरमधल्या एका लहान निवासी शाळेत मी चोवीस वर्षं मुलींना हॉकी शिकवतेय. तेराव्या वर्षापर्यंत मुलं आमच्याकडे, मग मोठ्या शाळेत. ती मोठी शाळा निवडताना पालक जे काही करतात ते बघून माझे केस पिकले. त्यातही ज्यांचं मूल मैदानात वाघ आणि वर्गात गोगलगाय, ते आईबाप तर विचारूच नका. आमच्याकडे कुणाला सरळ ‘ढ’ म्हणायची सोय नाही. प्रगतिपुस्तकात ‘मोकळ्या हवेत खुलते’ असं लिहायचं, ‘वर्गाचा जीव आहे’ असं लिहायचं. लिहिणाऱ्याला कळतं, वाचणाऱ्यालाही कळतं, आणि दोघंही एकमेकांकडे बघून गोड हसतात.

क्लेमी थॅकवेलच्या प्रगतिपुस्तकात ही सगळी वाक्यं होती. बारा वर्षांची पोर, पाय लांबसडक, गुडघ्यांना कायम खरचटलेलं. आणि खेळ? चोवीस वर्षांत असा खेळ मी दुसऱ्या कुणाच्या काठीत पाहिला नाही. चेंडू कुठे येणार ते तिला आधी कळायचं. तिच्या जिवावर आम्ही जिल्ह्याचा कप दोनदा आणला होता.

मंगळवारी पहिली शाळा; या तिन्ही शाळांची सुट्टी पुढच्या आठवड्यात होती. चौदा मैदानं. अराबेलाबाईंनी वहीत ‘चौदा’ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. आम्हाला फिरवणाऱ्या मुलीने ग्रंथालयाचं दार उघडलं, तर बाई म्हणाल्या, “हे राहू दे गं, व्यायामशाळा कुठेय?” बुधवारी दुसरी. तिथे पोहण्याच्या तलावात पाण्याखाली कॅमेरे होते. क्लेमी पोहत नाही. तरी वहीत नोंद झाली.

“अहो, ही हॉकी खेळते,” मी म्हटलं.

“उद्या पोहायला लागली तर?”

मी कपाळाला हात लावला. माझ्या एका बाजूला क्लेमी, दुसऱ्या बाजूला त्यांचा ओला कुत्रा, समोर डॉमिनिकचं कुंपण, आणि गुडघा ठणकतोय. जळलं मेलं ते शाळा बघणं, असं मला झालं होतं.

क्लेमी मात्र मजेत होती. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, “मिस, शनिवारच्या मॅचला मी मधल्या जागेवरच खेळणार ना?”

“यादी फळ्यावर लावून चार दिवस झाले, बये. बघितली नाहीस?”

“पोझीने सांगितलं. पण तुमच्याकडून ऐकायचं होतं.”

पोझी तिची मैत्रीण. यादी बघायची ती पोझीनेच, बसची वेळ सांगायची ती पोझीनेच. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला त्यावर विचार करायचा नव्हता, हे खरं.

गुरुवारी तिसरी शाळा, ऑल्डरकोट. तिथले क्रीडाप्रमुख गॅरेथ पेनरी, दाराएवढे रुंद वेल्श गृहस्थ. त्यांनी क्लेमीला त्यांच्या मुलींमध्ये वीस मिनिटं खेळवलं. पाचव्याच मिनिटाला ते हातातली कॉफी विसरले.

“ही पोरगी कुठे लपवून ठेवली होतीत?” ते मला म्हणाले.

“लपवली कुठे? दोन वर्षं कप उचलतेय.”

“मग झालं! परीक्षाबिरीक्षा राहू द्या. सप्टेंबरमध्ये पाठवा.”

अराबेलाबाईंनी वही मिटली. तीन दिवसांत पहिल्यांदा. डॉमिनिकनेही फोन खिशात घातला आणि पेनरींचा हात असा काही हलवला की मला वाटलं आता कुंपणही त्यांच्याकडूनच बांधून घेणार. सगळं ठरलं होतं. मला घरी जाऊन गुडघा शेकता आला असता.

प्रवेशाचं बघणाऱ्या मिसेस ऑजर्स यांच्या खोलीत आम्ही चहाला बसलो. साठीच्या बाई, चष्मा दोरीला अडकवलेला, स्वेटरला कोपरावर ठिगळ. त्यांनी केक पुढे केला आणि मग क्लेमीच्या हातात एक छापील कागद दिला.

“एका जुन्या हॉकी मॅचची गोष्ट आहे. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलीय. वाच आणि काय वाटलं ते सांग. परीक्षा नाही हं.”

“अहो, कशाला उगाच!” पेनरी म्हणाले.

“मी प्रत्येकाला देते, गॅरेथ.”

क्लेमीने कागद घेतला. खाली मान घालून बघितला. मध्येच भुवई जरा वर केली, एकदा किंचित हसली. मग कागद उलटला, मागची बाजू बघितली, आणि तो नीट टेबलावर ठेवून म्हणाली, “मस्त आहे! मला शेवट जास्त आवडला. तुम्हाला कुठला भाग आवडतो?”

सगळे हसले. आई तर कौतुकाने फुलून गेली. “बघा कशी बोलते! पुस्तकी नाही, पण बोलण्यात कुणाला हार जाणार नाही.”

मी हसले नाही. मी तिच्या ओठांकडे बघत होते. ते हलत होते, पण वाचणाऱ्याचे हलतात तसे नाही. ती मोजत होती. पुढच्या बाजूला तीस, मागच्या बाजूला तीस. मी चाळीस मोजायचे.

गप्प बसावं असं मला फार वाटलं. पोरीला शाळा मिळाली होती, आईबाप खूश होते, पेनरी खूश होते. माझं काय जात होतं?

“तिने ते वाचलेलं नाही,” मी म्हटलं. “तिला वाचता येत नाही.”

“म्हणजे?” अराबेलाबाई अजून हसतच होत्या.

“म्हणजे येत नाही. पहिलीतलं मूल एकेक अक्षर लावतं तसं लावते ती, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत थकते. बाकीचं सगळं पोझी वाचून दाखवते.”

“मिस!” क्लेमी ओरडली. कानापर्यंत लाल झाली होती. मॅच हरल्यावरसुद्धा तिचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

“काहीतरीच काय!” बाई ताडकन उठल्या. “अभ्यासात मागे आहे, मान्य. लक्ष नसतं तिचं. सगळा जीव मैदानात. पण वाचता येत नाही? बारा वर्षांची मुलगी आहे ती! तुम्हाला काय माहीत?”

“कारण मलाही येत नव्हतं. सव्विसाव्या वर्षापर्यंत. मग एका निवृत्त शिक्षिकेने तिच्या स्वयंपाकघरात बसवून दीड वर्षात शिकवलं. तोवर मीही अशीच कागद उलटायचे आणि लोकांना विचारायचे, तुम्हाला काय वाटतं? लोकांना स्वतःचं मत सांगायला आवडतं, त्यामुळे निभतं.”

 चोवीस वर्षांत ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, आमच्या मुख्याध्यापकांनाही नाही. आता ती पाच जणांना माहीत झाली होती, आणि त्यातला एक डॉमिनिक होता.

पेनरींनी घसा खाकरला. “हे बघा, अशी डझनभर मुलं माझ्या हाताखालून गेली. एकाचंही पुढे काही अडलं नाही.”

“तुम्हाला काय माहीत?” माझा आवाज चढला. “अडलं असतं तर ते काय तुम्हाला पत्र लिहून कळवणार होते?”

पेनरी केकच्या बशीकडे बघायला लागले.

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?” हे डॉमिनिकने विचारलं. तीन दिवसांत मला उद्देशून बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

“दोन वर्षं शंका होती.”

“तुमच्या शाळेत वाचनाचा वेगळा तास असतो ना? तिचं नाव होतं त्यात. गेल्या वर्षी बंद झाला. आम्हाला वाटलं, सुधारली.”

आता खरं सांगायचं की नाही, एवढंच उरलं होतं. इथपर्यंत सगळ्यांवर तडतडणं सोपं होतं.

“तो तास गुरुवारी दुपारी असायचा,” मी म्हटलं. “माझा सरावही गुरुवारी दुपारी. मी त्या शिक्षिकेला चिठ्ठी पाठवायचे, क्लेमी मैदानावर हवी आहे म्हणून. एकदा पाठवली, दोनदा पाठवली. मग त्यांनी नाव काढून टाकलं. मला माहीत होतं मी काय करतेय ते. आम्हाला कप जिंकायचा होता.”

अराबेलाबाई मटकन खाली बसल्या. मला वाटलं, आता त्या मला फाडून खाणार, आणि खरं सांगते, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्या वही उघडून बघत बसल्या. चौदा मैदानं, पाण्याखालचे कॅमेरे. मग हळूच म्हणाल्या, “गेल्या नाताळात तिने मला कार्ड दिलं, त्यावर फक्त चित्र होतं. मी म्हटलं, किती छान काढलंय!”

 मिसेस ऑजर्स यांनी खुर्ची क्लेमीजवळ ओढली.

“हे बघ बाळा, तू मूर्ख नाहीस. इतकी वर्षं एवढ्या लोकांना फसवायला डोकं लागतं. मी तीस वर्षं अशाच मुलांना शिकवत आलेय. जागा तुला देते. पण आजपासून उन्हाळ्यापर्यंत तुझ्या शाळेत रोज एक तास वाचन. दमल्यावर संध्याकाळी नाही. जेवणानंतर, दोन वाजता.”

“दोन वाजता खेळ असतो,” क्लेमी म्हणाली.

“माहीत आहे. इथे आलीस की इथेही तेच, नाताळपर्यंत. टीम त्यानंतर.”

“मग मी घेऊ कशाला तिला?” पेनरी म्हणाले.

“घेतेय मी, गॅरेथ. तू नाताळपर्यंत वाट बघ.”

क्लेमीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण रडत नव्हती.

“मिस, तुम्ही सांगा ना यांना. रोज दोन वाजता नाही जमणार म्हणून सांगा. तुम्हाला मी हवीय ना टीममध्ये?”

“हवी आहेस,” मी म्हटलं. “म्हणूनच तर दोन वर्षं गप्प बसले.”

“मग आजही बसायचं होतं!”

परतीच्या वाटेवर क्लेमी मुद्दाम पलीकडच्या खिडकीला जाऊन बसली, कुत्रा आमच्या मध्ये. मला शाळेच्या फाटकाशी सोडताना अराबेलाबाई काच खाली करून म्हणाल्या, “तुम्हाला क्षमा करायला मला वेळ लागेल, मिस हॉलिस.” मी म्हटलं, “लागू दे.” त्यांनी काच वर केली.

शनिवारची मॅच क्लेमी खेळली, तीन गोल केले, आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. सोमवारपासून तिचा वाचनाचा तास सुरू झाला.

वाचनाची खोली पहिल्या मजल्यावर आहे, खिडकी थेट वरच्या मैदानावर उघडते. दोन वाजता मी शिट्टी वाजवली आणि वर बघितलं, तर काचेला नाक लावून क्लेमी उभी. शिक्षिकेने खांद्याला धरून खाली बसवलं. दोन मिनिटांनी पुन्हा उभी. मंगळवारीही तेच. पोझीने गोल केला तेव्हा वरून काचेवर दोन्ही हातांनी धाडधाड वाजवण्याचा आवाज आला. तो टाळ्यांचा होता की रागाचा, ते मला कळलं नाही. तासानंतर शिक्षिका मला जिन्यात भेटल्या. “ती अर्धा वेळ तुमच्याकडेच बघत असते,” म्हणाल्या. “मी काय करू?”

बुधवारी मी सगळ्या मुलींना खालच्या मैदानावर नेलं, ओढ्याकाठी, पॉपलरच्या झाडांमागे. तिथे जानेवारीपासून पाणी साचलेलं असतं. चेंडू दहा पावलं जाऊन रुततो.

“मिस, हे काय? वर चांगलं मैदान सोडून?” पोझीचा बूट चिखलात अडकला होता. “इथे खेळणार कसं?”

“खेळायचं.”

“पण का?”

“इथून शाळा दिसत नाही म्हणून. चला, काठ्या उचला.”

त्या कुरकुरत धावायला लागल्या. मी तिथे घोट्यापर्यंत पाण्यात उभी होते, गुडघा ठणकत होता, आणि मी सारखी घड्याळाकडे बघत होते. तीन वाजायच्या आधी एकीलाही मी वर जाऊ दिलं नाही.