दर वेळी कोड

इंटरनेट जोडायला आलेल्या संतोषने भिंतीतली जुनी काळी वायर ओढून काढली आणि तिचं वेटोळं करून खिडकीत ठेवलं. शेखरराव संगणकापाशी खुर्ची ओढून बसले होते. नवं इंटरनेट झपाझप चालत होतं, पण त्यांचं तिकडे काडीचंही लक्ष नव्हतं.

“म्हणजे जुना ईमेल बंदच?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“काका, तो पत्ता जुन्या कंपनीचा. कनेक्शन गेलं की तोही गेला. आतल्या मेल मी सगळ्या नव्यात आणून देतो. फक्त नवा कुणाकडे काढायचा ते सांगा.”

घरात ईमेल एकच होता. मुलगी हर्षाली कॉलेजात असताना बायकोने, ललिताने, हट्टाने काढून घेतलेला, तिघांत मिळून. घराला गॅसचा नंबर एक, तसा ईमेलही एक, असा तिचा हिशोब. पुढे हर्षाली पुण्याला नोकरीला लागली, लग्न करून तिकडचीच झाली, तरी तिची प्रमाणपत्रं, विम्याची पत्रं सगळी याच पत्त्यावर. ती तिकडून उघडून वाचायची.

बापलेकीत भांडण नव्हतं. असतं तर निदान मिटवता आलं असतं. तिचा फोन आला की शेखरराव “बरी आहेस ना? आईला देतो” म्हणून मोकळे व्हायचे. सातपूरच्या कारखान्यात खरेदी खातं सांभाळताना दिवसभर बोलावं लागतं, घरी आल्यावर बोलवत नाही, ही त्यांची सबब. गेल्या वर्षी ललिता गेली आणि फोन द्यायला कुणी उरलं नाही. आता सणासुदीला फोन यायचा, दोघं एकमेकांची तब्येत विचारायची आणि मग दोन्हीकडे शांतता.

मात्र रोज सकाळी ईमेल उघडला की न वाचलेली पत्रं ठळक अक्षरांत दिसत. त्यातलं एखादं बारीक झालेलं असलं की शेखररावांना कळे, हर्षाली येऊन गेली. वीजबिलाचं पत्रसुद्धा ती उघडून बघायची. का, देव जाणे. त्या बारीक अक्षरांवर त्यांचा दिवस निघायचा. एवढ्यावर दिवस काढावा लागतो याची त्यांना लाजही वाटे, म्हणून हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

“दोन आहेत बघा,” संतोष म्हणाला. “हा सोपा. पासवर्ड टाकला की झालं. तुम्ही इथून उघडा, ताई पुण्यातून उघडतील. दुसऱ्यात लय कटकट. दर वेळी मोबाईलवर कोड येतो, तो टाकल्याशिवाय उघडत नाय.”

“कुणाच्या मोबाईलवर?”

“एकच नंबर देता येतो. तुमचा दिला तर तुमच्या.”

“आणि तिने तिकडे उघडला तर?”

“तरी तुमच्याच. ताईंना प्रत्येक वेळी तुम्हाला फोन करून विचारावं लागेल. म्हणून तर म्हणतो, सोपा घ्या.”

शेखररावांनी चष्मा काढून पुसला. कान मात्र तापले होते.

“दुसरा घेऊ,” ते म्हणाले. “सुरक्षित असलेला बरा.”

“वीजबिल कोण चोरतंय, काका,” संतोष हसला, पण त्याने काढून दिला.

नवा पत्ता, पासवर्ड आणि कोडची भानगड त्यांनी हर्षालीला लिहून कळवली. तिने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. त्यानंतर एकही पत्र बारीक झालं नाही. शेखरराव स्वतःही एकाला हात लावत नव्हते, न जाणो, खूण पुसायची. ठळक अक्षरांची रांग वाढत गेली तसा त्यांचा जीव खाली-वर होऊ लागला. चोरपावलांनी का होईना, येत होती. आपणच अतिशहाणपणा करून तिला दाराशी अडवलं. ती आता स्वतःचा वेगळा ईमेल काढेल, आणि तिचं काय चुकलं? संतोषला बोलावून सगळं बदलून घ्यावं असंही त्यांच्या मनात आलं, पण त्याला सांगायचं काय?

रविवारी दुपारी ते मेथी निवडत असताना मोबाईल किणकिणला. सहा आकडे आले होते. दहा मिनिटांची मुदत, आणि कुणालाही सांगू नये अशी ताकीद. हातातली मेथी तशीच राहिली. फोन वाजेना. वैतागली असेल, त्यांना वाटलं, सोडला असेल नाद.

तेवढ्यात वाजला.

“बाबा, कोड आलाय का तुमच्याकडे?”

“बघतो. थांब हं, चष्मा सापडत नाहीये.”

चष्मा नाकावर होता आणि कोड पाठ झाला होता. तरी त्यांनी टेबलावरचे पेपर उगाच खालीवर केले, तिला आवाज जाईल असे.

“सावकाश शोधा,” हर्षाली म्हणाली. मग जरा थांबून, “जेवायला काय केलंत?”

“मेथी करणार आहे. पण माझी कडू होते.”

“झाकण ठेवता का?”

“ठेवायचं नसतं?”

“अहो बाबा!”

मग ती हसली. मेथीवरून बोलणं ललिताच्या हातच्या भाजीवर गेलं, तिथून हर्षालीच्या ऑफिसवर, तिथून सातपूरजवळच्या पपया नर्सरीच्या सिग्नलवरच्या गर्दीवर. आपल्याला इतकं बोलता येतं याचं शेखररावांना नवल वाटत होतं.

“अगं, तुझा तो कोड,” शेवटी त्यांनीच आठवण करून दिली.

“तो कधीच बाद झाला, बाबा.”

“मग आता?”

“उद्या परत मागवते,” ती म्हणाली.