माझा अठ्ठ्याण्णवचा आकडा

मी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. मला तोंड नाही, नाडीचा आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा तेवढा दाखवता येतो. त्या ऑक्सिजनच्या आकड्याने मी एका बाईला खोटं पाडलं. ते सांगून टाकल्याशिवाय मला चैन नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मंजुषाताईंनी मला पंजाबातल्या मोहालीत विकत घेतलं. मूळच्या नाशिकच्या, इथे आयटी कंपनीत नोकरीला. तेव्हा घरात माझा मान देवाच्या बरोबरीचा. सकाळ-संध्याकाळ सगळे माझ्यात बोट घालत आणि आकडा बघून हुश्श करत. मीही फुगलो होतो.

त्यांच्याकडे स्वयंपाकाला सुशीलाताई येत. हिंगोलीकडच्या, नवरा जवळच्या मुल्लानपूरला बांधकामावर गवंडी. त्यांनाही करोना होऊन गेलेला. ताप उतरला, पण सहा महिने झाले तरी अंगात त्राण येईना. आमटीत मीठ दोनदा पडे. कणीक मळता मळता त्या ओट्याला टेकत.

"ताई, जिना चढला की दम लागायलाय. छातीत धडधड होतंय."

मंजुषाताईंनी त्यांना खुर्चीत बसवून मला बोटाला लावलं. मी ऐटीत अठ्ठ्याण्णव दाखवले.

"बघा, माझ्याइतकाच आहे! काही झालेलं नाही तुम्हाला. मनातून काढून टाका."

सरकारी दवाखाना दोन बस बदलून. तिथे सुशीलाताई अर्धा दिवस रांगेत उभ्या राहिल्यावर डॉक्टर म्हणाले, "सब नॉर्मल है जी, टेन्शन मत लो."

खाडे वाढले, तशी मंजुषाताईंनी दुसरी बाई बघितली. निघताना मला सुशीलाताईंच्या हातात ठेवलं. "घरी तपासत जा, म्हणजे भीती जाईल."

त्या रोज खाटेवर बसून तपासत. मी रोज तेच दाखवी. नवरा म्हणे, "मशीन खोटं बोलतंय व्हय? कामाचा कंटाळा आलाय तुला." त्या मुकाट्याने उठून पाण्याच्या बादल्या आणत. एक दिवस नळापाशीच कोसळल्या. शेजारणींनी खाटेवर आणून निजवलं. बऱ्याच वेळाने मला शोधून लावलं, तोवर धाप ओसरली होती. मी पुन्हा अठ्ठ्याण्णव.

माझ्याकडे बघत त्या पुटपुटल्या, "मीच खोटी असंन."

तेव्हा मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

पुढे वस्तीजवळच्या गुरुद्वाऱ्याच्या एका खोलीत दर रविवारी डॉक्टर उर्मिला येऊ लागल्या. करोनानंतरचं दुखणं ज्यांचं रेंगाळलंय, त्यांच्यासाठी. शेजारणीने सुशीलाताईंना ओढतच नेलं.

"हे बसून मोजता का?" डॉक्टरांनी मराठीतच विचारलं.

"व्हय."

"आणि दम कधी लागतो?"

"काम करताना."

"मग काम करतानाच मोजू."

मला बोटाला लावून त्यांनी सुशीलाताईंना मिनिटभर खुर्चीतून उठ-बस करायला लावली. मी घसरलो. चौऱ्याण्णव, ब्याण्णव, नव्वद. नाडी एकशे चौतीस.

"बसा. आजार खरा आहे तुमचा, सुशीलाताई. याला लाँग कोविड म्हणतात."

त्या पदरात तोंड घालून रडल्या. "माझ्या मालकांना सांगा जी. तुमीच सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवसापासून बादल्या नवरा आणतो. मोठ्या रुग्णालयातल्या तपासणीची चिठ्ठी मिळाली, पुढची विचारपूस फोनवर होते, दोन बसचा हेलपाटा चुकला. थोडं काम, मग विसावा, असं शिकवलंय. पूर्ण बऱ्या नाहीत अजून. एका घरचा स्वयंपाक करतात, तोही बसून. रविवारी मला घेऊन गुरुद्वाऱ्याच्या खोलीत येतात, नव्या आलेल्या बायकांच्या बोटाला मला लावून त्यांना उठ-बस करायला लावतात.

गेल्या रविवारी मंजुषाताई तिथे आल्या. कुणाकडून तरी कळलं होतं. दारातच उभ्या राहिल्या.

"मी तुमचं ऐकायला हवं होतं, सुशीलाताई."

"आकडा तर बगितला होता की तुमी," सुशीलाताई शांतपणे म्हणाल्या. "माझ्याकडं बगायचं राहिलं."

मंजुषाताईंनी मान खाली घातली. मला मानही नाही. म्हणून तुम्हालाच विनवतो: माझ्यासारखा तुमच्या घरी असेल, तर माझ्या भरवशावर कुणाला खोटं ठरवू नका. आधी समोरच्याचं सांगणं पुरतं ऐका.